निळा डबा, काकांची पेन्सिल आणि एक कथास्पर्धा (ठाण्यातलं जुन्या पुस्तकांचं दुकान)

आधीच सांगून टाकते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि काकांशी मला वाकडं घ्यायचं नाही, माझी अर्धी पुस्तकं अजून त्यांच्याकडे विकायला पडलीयत. ठाणे वेस्ट, नौपाडा, एवढंच सांगते. स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं, रिक्षावाला एवढ्याशा अंतराला येत नाही आणि गाडी आणलीत तर पार्किंग शोधण्यात एक लघुकथा लिहून होईल.

तर झालं असं की दोन वर्षांपूर्वी घराला रंग काढला आणि बाबांचे दिवाळी अंक माळ्यावरून खाली आले, चार गठ्ठे, सुतळीने बांधलेले, वर झुरळांची अंडी. रद्दीवाला किलोला पंधरा रुपये म्हणाला, नवरा म्हणाला देऊन टाक एकदाचे, पण बाबांनी प्रत्येक अंकाच्या अनुक्रमणिकेत आवडलेल्या कथेपुढे बरोबरची खूण केलेली आणि एका ठिकाणी तर लाल पेनाने चक्क 'भंगार' लिहिलेलं, ते आता किलोवर कसं घालायचं? मग दर रविवारी एक गठ्ठा असं करत डोंबिवलीहून लोकलने ठाण्याला नेले. लेडीज डब्यात एका काकूंनी विचारलं पापड आहेत का.

दुकानाचे काका सत्तरीचे असतील. अंक हातात घेतला की किंमत सांगायच्या आधी तो उलटा धरतात आणि झटकतात. मला वाटलं झुरळं पाडतायत. पण ते आतल्या वस्तू पाडत होते. लोक पुस्तकात काय काय ठेवतात आणि विसरतात ते सगळं काउंटरखालच्या निळ्या गोल डब्यात जातं, तोच तो बटर कुकीजचा डबा ज्यात बिस्किटं आहेत म्हणून आपण लहानपणी उघडायचो आणि आत सुई-दोरा निघायचा. बाबांच्या एका अंकातून त्यांच्याच हातची वाण्याची यादी पडली, तूरडाळ २ किलो, रिन १, वगैरे. ती काकांनी डब्यात टाकली नाही, मला परत दिली. म्हणाले, "ताई, ज्याचा माणूस समोर उभा आहे ती वस्तू डब्यात जात नाही."

आणि मग त्यांनी त्या डब्यावरची स्पर्धा सांगितली.

स्पर्धा अशी. डिसेंबरात दुकानात जायचं, फी भरायची, डोळे मिटून डब्यात हात घालायचा आणि एक वस्तू काढायची. बदलून मिळत नाही. ती वस्तू घरी न्यायची, एका महिन्यात तिच्यावर कथा लिहायची, १५०० शब्द किंवा सहा फुलस्केप, कागदाच्या एकाच बाजूला, आणि कथेसोबत वस्तू परत द्यायची. फी १०० रुपये होती आणि त्याचं १०० चंच कूपन मिळतं पुस्तकांवर, म्हणजे तसं फुकटच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्या वर्षी काकांनी फी १०१ केली. कूपन १०० चंच राहिलं. वरचा एक रुपया भाषेसाठी म्हणे.

डब्यात काय असतं विचाराल तर एसटीची तिकिटं तर ढिगाने, रेल्वेचं ते जुनं जाड पुठ्ठ्याचं तिकीट, जाळी पडलेलं पिंपळाचं पान, मोरपीस, लग्नपत्रिकेचा फाटका कोपरा, डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन, फोटो उपटून काढलेलं दहावीचं हॉल तिकीट. पत्रं मात्र नाहीत. पत्रं पण खूप सापडतात, आंतरदेशीय, पोस्टकार्डं, पण ती काका न वाचता वेगळी ठेवतात आणि ज्या कागदावर पूर्ण नाव-पत्ता आहे त्यातलं नाव कात्रीने कापूनच तो डब्यात जातो. मला हे फार आवडलं. स्पर्धेच्या कागदावर यातलं काही लिहिलेलं नाही, विचारलं तेव्हा कळलं.

आता हा डबा का भारी आहे ते जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. मराठीत कथा लिहिणाऱ्या माणसाचं वर्ष दिवाळीवर चालतं. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ते चालूच आहे, आणि वर्षभर कथा छापणारी मासिकं मात्र एकेक करून बंद पडत गेली, 'सत्यकथा' १९८२ ला गेलं. म्हणजे नव्या माणसाने मे-जूनमध्ये कथा पाठवायची, गणपतीपर्यंत वाट बघायची, आणि मग समजायचं की नाही घेतली. पूर्वी निदान 'साभार परत'चा कागद यायचा, बाबांकडे तसे सात होते, जपून ठेवलेले. आता तो पण येत नाही, ईमेलला उत्तर नाही हेच उत्तर. त्यामुळे नोव्हेंबरात डोंबिवली-ठाणे पट्ट्यातल्या प्रत्येक होतकरू लेखकाच्या घरी एक न खपलेली कथा असते आणि ती मग वाचनालयाची स्पर्धा, गणेश मंडळाची स्पर्धा, ऑफिसच्या वार्षिकाची स्पर्धा अशी फिरत राहते, शीर्षक बदलत. मी स्वतः एक कथा चार ठिकाणी पाठवलीय, 'उंबरठा', 'उंबरठ्यावर', 'ओलांडताना' आणि चौथ्यांदा कंटाळून 'दार'.

इथे ते चालत नाही! डब्यातून मोरपीस निघालं की तुमच्या तयार कथेत ते बसत नाही, नवीनच लिहावी लागते. म्हणजे बसवणारे बसवतात, एका गृहस्थांनी आपली जुनी रिटायर्ड फौजीची कथा तशीच दिली आणि शेवटच्या परिच्छेदात त्याच्या खिशातून एसटीचं तिकीट काढलं. काकांनी त्यावर पेन्सिलीने लिहिलं, "तिकीट शेवटच्या थांब्याला चढलं." त्या गृहस्थांनी स्वतःच तो कागद सगळ्यांना दाखवला, हसत हसत.

तर पेन्सिल. या स्पर्धेत प्रत्येक कथा परत मिळते. जिंको हरो, मार्चनंतर दुकानात जायचं आणि आपली कथा उचलायची, समासात काकांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने शेरे असतात. मी बऱ्याच स्पर्धांत हरलेय, त्या अनुभवावरून सांगते, असं कोणी करत नाही. फार तर प्रमाणपत्राची पीडीएफ येते, त्यात माझं आडनाव चुकलेलं.

पहिल्या वर्षी मला डब्यातून निघाली शिंप्याची पावती. लेडीज टेलरची, पातळ गुलाबी कागद, कोपऱ्यात कापडाचा तुकडा टाचलेला, मोरपंखी रंगाचा, पिन गंजून कापडावर तपकिरी डाग पडलेला. ब्लाउज १, अस्तरासह, फॉल-पिको १. तारीख १४, महिना आणि साल फाटलेलं. बाकी रक्कम दिलेली नाही. मी तर उडालेच, म्हटलं कथा हातात आली. ब्लाउज न्यायला न आलेली बाई! लिहिली मी, तिचं लग्न मोडलं, तो ब्लाउज तिथेच राहिला, पंधरा वर्षांनी ती त्या रस्त्याने जाते, पाऊस पडतो, वगैरे. मला स्वतःला वाचताना रडू आलं, नवऱ्याला वाचून दाखवली तर तो चक्क फोन खाली ठेवून ऐकत होता. मी मनातल्या मनात पहिलं बक्षीस कुठल्या पिशवीत भरायचं ते पण ठरवलं.

काही मिळालं नाही. उत्तेजनार्थ पण नाही. कागद परत आणले आणि लोकलमध्ये उघडले. पान २: "छान." पान ३: "इथे पाऊस उगाच पडतोय." पान ४ पूर्ण कोरं. आणि शेवटच्या पानाखाली: "पावती दोन माणसांची असते. शिंपी कुठाय?"

मुंब्रा येईपर्यंत मला राग होता. दिवा स्टेशन आलं तेव्हा कळलं की अरेच्चा, खरंच की. त्या माणसाने माप घेतलं, अस्तर लावलं, काजं-बटणं केली, पंधरा वर्षं तो ब्लाउज दुकानात वागवला, पैसे अर्धे राहिले, आणि माझ्या कथेत त्याला एक वाक्य नाही. साधा 'टेलर' म्हणून पण तो कुठे बोलत नाही. ती कथा मी नंतर शिंप्याच्या बाजूने परत लिहिली, कुठे पाठवली नाही अजून, पण माझ्या लिहिण्यात त्या एका ओळीने जेवढा फरक पडला तेवढा साडेतीन हजाराच्या ऑनलाइन वर्कशॉपने पडला नव्हता.

आता तक्रारी, आणि त्या आहेत.

निकाल कधीच वेळेवर नाही. कागदावर २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, लिहिलेलं असतं. दोन्ही वर्षं निकाल लागला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मी बँकेत आहे, मार्च एंडला आम्हाला जेवायला वेळ नसतो आणि यांचा कार्यक्रम बरोबर तेव्हाच. निकाल कळतो कसा तर दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असतो, आणि काकांच्या सूनबाई, आम्ही वहिनी म्हणतो, त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. फोटोत कायम एक स्कूटर मध्ये येते. पहिल्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर कोण ते स्कूटरच्या आरशामागे होतं, त्यावरून ग्रुपवर चाळीस मेसेज.

कार्यक्रम पोटमाळ्यावर. बक्षीस मिळालेल्या कथा तिथे लेखकाने स्वतः वाचायच्या. तीस-पस्तीस माणसं, एक पंखा, उभं राहिलं तर डोक्याला कडी लागते, शिडीसारखा जिना आणि ज्येष्ठ नागरिक खूप. माझ्या शेजारच्या आजी वर चढल्या त्या उतरायलाच तयार नाहीत, शेवटी वहिनींनी खालून पाय धरून एकेका पायरीवर ठेवले. इथून चालत जाण्यासारख्या अंतरावर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ चं, ठाण्यात हॉलची काय कमी आहे का? पण काकांना कार्यक्रम पुस्तकांतच हवा. चहा मात्र चांगला, आलं घातलेला, आणि बटाटेवडे गरम.

परीक्षक हा एक वेगळा विषय आहे. काका स्वतः आणि दर वर्षी एक पाहुणा. दुसऱ्या वर्षीचे पाहुणे निवृत्त शिक्षक होते, अत्यंत सज्जन, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या पलीकडे जाईचनात. माझ्या हॉल तिकिटाच्या कथेत एक मालवणी आजी आहे, ती नातीला विचारते "तू खंय चललंस?" तर त्याखाली लाल रेघ आणि चार मार्क कट. मी पण मग ऐकलं नाही. साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत ना, १४ आधीचे आणि १९७२ ला वाढवलेले ४, त्यातच लिहिलंय की पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची. हे मी त्यांना वड्याचा घास गिळून शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले "बरोबर आहे तुमचं," आणि मार्क काही दिले नाहीत. काकांनी दिले बहुतेक, कारण उत्तेजनार्थ मिळालं.

बक्षिसाचं सांगायचं राहिलं. पहिलं बक्षीस म्हणजे एक कापडी पिशवी, दुकानातून हवी ती पुस्तकं भरायची, अट एकच, बंद धरून उचलली तर पिशवी फाटता कामा नये. दुसऱ्या वर्षी जिने जिंकलं ती इंजिनीअरिंगची मुलगी, तिने आधी जाड शब्दकोश तळाला ठेवून वर पातळ पुस्तकं उभी रचली, अठरा बसवली, काका बघतच राहिले. दुसरं-तिसरं बक्षीस कूपन, उत्तेजनार्थला १५० रुपयांपर्यंतचं एक पुस्तक. रोख काही नाही. सांगलीच्या एकाला दुसरं मिळालं, त्याने कूपनाची पुस्तकं पोस्टाने मागवली, तर तोपर्यंत पोस्टाची ती स्वस्तातली रजिस्टर्ड बुक पोस्टवाली सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालेली, आणि कुरिअरचा खर्च म्हणे विजेत्याने द्यायचा. हे मला पटलं नाही, ग्रुपवर बोलले पण. त्यानंतर निदान नियमात 'पोस्टेज वेगळे' असं छापलं, म्हणजे माणूस आधीच समजून जाईल. बाहेरगावच्या लोकांसाठी वस्तू वहिनी डब्यातून काढतात आणि फोटो पाठवतात. खरं सांगू का, फोटोवर तशी कथा सुचत नाही, तो गंजलेला पिनचा डाग हाताला लागावा लागतो.

अजून एक, आणि लिहिणाऱ्यांनी हे नीट वाचा, कुठल्याही स्पर्धेत कामाला येईल. पहिल्या वर्षीच्या फॉर्मवर तळाला बारीक अक्षरात होतं, 'कथेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील'. शंभर रुपयांत, त्यातही कूपन परत, सगळे हक्क? मी काकांना विचारलं तर ते स्वतःच चपापले, दुसऱ्या कुठल्यातरी स्पर्धेच्या फॉर्मवरून उचललेलं वाक्य होतं. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे त्यात हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, कुठले हक्क ते लिहावं लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात. म्हणजे फॉर्मवर डोळे झाकून सही केलीत तर तीच तुमची लेखी संमती ठरू शकते. काकांनी उरलेले सगळे फॉर्म काढले, पट्टी घेतली आणि एकेकावरची ती ओळ पेनाने खोडली, मी समोर बसून चहा पीत होते. आता नियम असा की हक्क लेखकाचे, दुकान फक्त एकदा पुस्तिकेत छापणार.

पुस्तिका म्हणजे शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे काढलेली, मध्ये दोन पिना मारलेली, साठ रुपये. छपाई बरी, पण एकाने श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून फाइल पाठवलेली, ती यांच्या कॉम्प्युटरवर उघडली तेव्हा पहिली दोन पानं नुसते कंस आणि टक्क्याची चिन्हं, आणि ती तशीच छापली! लेखकाने तक्रार केल्यावर वहिनींनी दोन पानं वेगळी छापून आत सरकवली. कोणीतरी म्हणालं प्रायोगिक कथा आहे, राहू द्या.

यंदा मोठा बदल केलाय, टाइप केलेलं घेतच नाहीत, फक्त हाताने लिहिलेलं. कारण विचारलं तर काकांनी गेल्या वर्षीच्या काही कथा दाखवल्या (नावं झाकून). वस्तू वेगवेगळ्या, माणसं वेगवेगळी, पण बहुतेकांची आजी खिडकीशी बसलेली आणि शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांच्या कडा ओलावलेल्या. एआयकडून लिहून घेतलेल्या, दुसरं काय. मी म्हटलं काका, लोक तेच बघून हाताने उतरवतील की. तर म्हणाले, "उतरवू देत. सहा पानं बोटं मोडतील तेवढं तरी त्यांचं असेल." मला स्वतःला हा नियम जाचक वाटतो. गेली कित्येक वर्षं मी हाताने फक्त सह्या केल्यात, दुसऱ्या पानावर मनगट दुखायला लागतं, आणि माझं 'ध' आणि 'घ' आता मला पण वेगळं वाचता येत नाही. ज्यांना हाताने लिहिताच येत नाही अशांचं काय, तर त्यांनी दुकानात येऊन सांगायचं, वहिनी लिहून घेतील, असं आहे. पण ते कुठे छापलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

दुकानाबद्दल दोन शब्द, कारण कूपन तिथेच वापरायचंय. गुरुवारी बंद, बाकी ११ ते १ आणि ५ ते साडेआठ. मराठी कथा-कादंबऱ्या डाव्या भिंतीला, लेखकाप्रमाणे लावलेल्या असाव्यात असं वाटतं पण नाहीयेत, काकांच्या आवडीप्रमाणे लावल्यात, आवडते डोळ्यांच्या उंचीवर आणि नावडते तळाला. किमती पहिल्या पानावर पेन्सिलीने, रास्त. घासाघीस केलीत तर काका पुस्तक परत फळीवर ठेवतात आणि चष्मा पुसायला लागतात. कूपन दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांवर चालत नाही, हे मला काउंटरवर गेल्यावर कळलं आणि अजून खटकतंय, कारण त्यातले दोन गठ्ठे माझ्याच घरून गेलेले.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा निकालाच्या उशिरासाठी कापला, अर्धा जिन्यासाठी, अर्धा त्या कुरिअरसाठी. बक्षिसासाठी जाणार असाल तर जाऊ नका, नाव छापून यावं म्हणून पण नको, तुमच्या कथेवर कोणीतरी ओळ न ओळ वाचून पेन्सिल फिरवावी असं वाटत असेल तर १०१ रुपये घेऊन जा.

यंदाचा डबा उघडलाय. मी मागच्या शनिवारी हात घातला तर काहीतरी वाळलेलं, बारीक, तपकिरी, टोकाला जरा वळलेलं निघालं. काका म्हणतात चाफ्याच्या पाकळीचा देठ आहे, एका जुन्या कवितासंग्रहात सापडला. मला ती पालीची शेपटी वाटतेय. वहिनींना विचारलं तर त्या लांबूनच म्हणाल्या, बदलून मिळत नाही. सध्या एका लिफाफ्यात घालून देव्हाऱ्याच्या शेजारी ठेवलंय, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, आणि १५ जानेवारीच्या आत ठरवायचंय की प्रेमकथा लिहायची का दुसरं काही.